‘बोलेल की हळूहळू!’ : स्वमग्नतेविषयीचे गैरसमज आणि बालवर्गातली वस्तुस्थिती

घरात एकटं असलेलं मूल वेगळं आहे, हे पटकन कळत नाही. मागण्याआधीच आजी पाण्याचा पेला हातात देते, आवडती गाडी कुठे ठेवायची ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि दिवस त्याच्या कलाने चालतो. तेच मूल अंगणवाडीत किंवा नर्सरीत वीस-पंचवीस मुलांमध्ये आलं की फरक दिसायला लागतो. हजेरीला नाव घेतलं तरी ते वळून पाहत नाही. गाणं सुरू झालं की कान झाकून दाराकडे पळतं. खेळण्यातल्या गाडीशी खेळायचं सोडून तिचं एकच चाक फिरवत बसतं. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, पहिल्यांदा अनेकदा बालवर्गातल्या ताईच्या नजरेला पडते ती अशी.

मग सल्ल्यांची रांग लागते. कुणी म्हणतं लाडाने बिघडलाय, कुणी म्हणतं मोबाइलमुळे झालं, कुणी म्हणतं शाळेत रुळला की होईल नीट. या सल्ल्यांची कारणं वेगवेगळी असली तरी शेवटी निघणारा अर्थ एकच असतो : अजून थोडं थांबा. दोन ते सहा या वयात मेंदूची वाढ वेगाने होत असते. त्यामुळे थांबण्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते तीही याच वयात. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

त्याआधी थोडी ओळख. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात भिन्नता आहे. तिच्या खुणा दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात इतरांशी संवाद साधण्यातल्या अडचणी येतात. दुसऱ्या गटात तेच ते करत राहणं, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणं, आवाज-स्पर्श-प्रकाश फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे येतं. सर्वसाधारणपणे शंभरातल्या एका मुलामध्ये ती आढळते. मुलांच्या मेंदूविकासातल्या अडचणींची भारतातल्या पाच ठिकाणी झालेली एक मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाचांपैकी एक ठिकाण उत्तर गोवा होतं. त्यामुळे ‘हे सगळं परदेशात असतं’ हे म्हणणंही गैरसमजांतच जमा करायला हवं.

गैरसमज १ : मुलगे उशिराच बोलतात. त्याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले.

वस्तुस्थिती : काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे त्यांना काही अडचण येत नाही. पण अशी मुलं बोलत नसली तरी संवाद साधत असतात. बोट दाखवतात, हात धरून ओढतात आणि चेहऱ्याकडे पाहतात, मान हलवून नाही म्हणतात. त्यामुळे किती शब्द येतात एवढंच न पाहता शब्दांच्या आधीच्या या गोष्टी पाहाव्यात. नऊ महिन्यांच्या आसपास मूल नावाला प्रतिसाद देतं का? वर्षाचं झाल्यावर टाटा करतं का? दीड वर्षाचं होईपर्यंत एखादी गंमत तुम्हालाही दिसावी म्हणून ‘ते बघ’ अशा अर्थाने बोट दाखवतं का? हे नसेल, किंवा आलेले शब्द आणि हावभाव पुन्हा गेले असतील, तर थांबू नये.

पहिली पायरी म्हणजे श्रवण-तपासणी. ऐकूच येत नसेल तर उपाय वेगळा. ऐकू येत असेल तर विकासाची तपासणी करून घ्यावी. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिने निदान होत नाही, पण पुढची तपासणी हवी की नको ते कळतं. ती तपासणी करून ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर मिळालं तर नुकसान काहीच नाही.

गैरसमज २ : आई नोकरी करते, घरात माणसं नाहीत, हातात सतत मोबाइल. म्हणून असं झालं.

वस्तुस्थिती : हा आरोप जुना आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख करून दिली. पुढची दोन दशकं आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंड वागण्याला दोष दिला जात होता. ब्रूनो बेटेलहाइम यांनी तो दोष पुस्तकांतून लोकप्रियही केला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ मध्ये त्यांनी स्वमग्नतेचं मूळ जैविक असल्याची मांडणी केली आणि तो तर्क ढासळू लागला. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणसामाणसांत स्वमग्नतेबाबत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असल्याचं त्यात आढळलं.

मोबाइलचं काय? जास्त वेळ पडद्यासमोर घालवणाऱ्या मुलांत बोलण्याचा उशीर अधिक दिसतो, हे खरं. पण जे मूल माणसांशी फारसं खेळत नाही, त्याच्याच हातात मोबाइल जास्त वेळ दिला जातो, हेही तितकंच खरं. मोबाइलमुळे स्वमग्नता येते असं सिद्ध झालेलं नाही. तरीही मोबाइल कमी करावा, कारण वाचलेला वेळ माणसांच्या वाट्याला येतो.

लसीचा संशयही इथेच निकालात काढू. लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कने ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

गैरसमज ३ : तो मिठी मारतो, हसतो, डोळ्यांत बघतो. मग ऑटिझम कसा असेल?

वस्तुस्थिती : स्वमग्न मुलं प्रेम करतात, आईच्या कुशीत शिरतात, ताई रजेवर गेली तर तिला शोधतात. काही नजर टाळतात, काही टाळत नाहीत. एखादी खूण आहे किंवा नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मुलींच्या बाबतीत तर जास्त सावध राहायला हवं. निदान झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या तीन-चार पट असतं. त्यामागचं एक कारण असं, की अनेक मुली इतरांचं पाहून वागणं उचलतात, कोपऱ्यात शांत बसतात आणि ‘लाजाळू, गुणी मुलगी’ म्हणून सुटून जातात. वर्गात त्रास न देणाऱ्या मुलीकडेही पाहा. ती कुणाशी स्वतःहून खेळ सुरू करते का, की नुसती इतरांच्या मागे फिरते?

गैरसमज ४ : हा निव्वळ हट्ट आहे. दोन दिवस कडक राहिलं की सरळ होईल.

वस्तुस्थिती : हट्ट करणारं मूल समोरच्याकडे चोरून पाहत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. स्वमग्न मुलाचा उद्रेक पाहणाऱ्यांसाठी नसतो. सहन करण्याची मर्यादा संपली की तो होतो, आणि वस्तू हातात दिली तरी बऱ्याचदा थांबत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष बदलले, तेव्हा आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांना मिळणाऱ्या वेगळ्या प्रतिसादाला निकषांत स्थान दिलं. आपल्याला नेहमीची वाटणारी शाळेची घंटा, पत्र्याच्या छपरावरचा पाऊस, डब्यातल्या लोणच्याचा वास किंवा गॅदरिंगचा टोचणारा जरीचा कपडा एखाद्या मुलाला खरोखर असह्य होऊ शकतो.

म्हणून ओरडण्याआधी नोंद ठेवावी. उद्रेक कधी झाला, त्याच्या लगेच आधी काय घडलं आणि नंतर काय झालं, हे आठवडाभर वहीत लिहिलं तर बहुतेक वेळा काहीतरी क्रम दिसतो. रोज प्रार्थनेच्या वेळी मूल बिथरत असेल तर त्याला लाउडस्पीकरपासून लांब उभं करता येतं. खेळ संपवून डबा खायला बसताना रडत असेल तर अडचण बदलाची आहे. ‘आता दोनदा घसरगुंडी, मग हात धुवायचे’ असं आधी सांगितलं, घसरगुंडी आणि नळ यांची चित्रं दाखवली, की तोच बदल सोपा होतो. वर्गात पडद्याआड एक सतरंजी आणि उशी असलेला कोपरा ठेवावा, पण तो शिक्षेचा नसावा. थकलेल्या मुलाला स्वतःहून तिथे जाता आलं पाहिजे.

हात फडफडवणं, गोल फिरणं, चवड्यांवर चालणं या हालचाली बंद पाडण्याचा अट्टहास नको. अनेक मुलं त्यातूनच स्वतःला सावरतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच मध्ये पडावं आणि त्याऐवजी दुसरी हालचाल द्यावी.

इथे सुरक्षिततेचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चार वर्षांच्या पुढच्या जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी एकदा तरी घरातून किंवा शाळेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं. या मुलांना पाण्याची ओढ बऱ्याचदा जास्त असते. गावात विहीर, ओढा किंवा तळं जवळ असेल तर फाटकाला वरची कडी हवी, आणि मूल दिसेनासं झालं तर सर्वांत आधी पाण्याकडे धावावं.

गैरसमज ५ : बोलत नाही म्हणजे समजत नाही. आणि चित्रं दाखवायची सवय लावली तर कधीच बोलणार नाही.

वस्तुस्थिती : समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. स्वमग्न मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांहून थोड्या अधिक मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, बाकीच्यांना नसते. चित्रपटांनी लोकप्रिय केलेला ‘प्रत्येक ऑटिस्टिक मूल गणितात असामान्य’ हा समजही तितकाच चुकीचा. लहानग्याच्या बाबतीत शहाणपणाचं हेच, की तो समजतोय असं धरून चालावं आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी वाईट बोलू नये.

चित्रांची भीती तर अनाठायी आहे. चित्रं, खुणा किंवा बोलणारं ॲप वापरलेल्या मुलांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यामुळे बोलणं थांबल्याचं दिसलं नाही. काही मुलांचं बोलणं थोडं वाढलंही. कारण साधं आहे. मागता येऊ लागलं की रडणं, ओरबाडणं कमी होतं आणि संवादात फायदा आहे हे मुलाला उमगतं. सुरुवात पाणी, शू, खाऊ, नको आणि पुरे या पाच चित्रांनी करता येते. त्यात ‘नको’चं चित्र विसरू नये, कारण नकार देता आला नाही की मूल चावतं. आयआयटी मुंबईतल्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं ॲप मराठीतही आहे.

ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याचीही अशीच गत होते. ताई विचारते, ‘तुला पाणी हवंय?’ मूल उत्तरतं, ‘तुला पाणी हवंय.’ पाहणारे हसतात, पण मुलाने पाणीच मागितलेलं असतं, फक्त वाक्य ताईचं वापरलेलं असतं. अशा वेळी चूक न काढता, पाणी देत देत ‘मला पाणी हवंय’ असं त्याच्या बाजूने म्हणून दाखवावं. आणखी एक सवय लावून घ्यावी. प्रश्न विचारून झाला की मनात दहापर्यंत मोजावं. या मुलांना ऐकलेलं पचवून उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदालाच प्रश्न पुन्हा विचारून त्यांची जुळणी मोडतो.

गैरसमज ६ : घरी मराठी बोलू नका, एकच भाषा ठेवा. नाहीतर गोंधळ होईल.

वस्तुस्थिती : इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत हा सल्ला हमखास मिळतो, आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांनाही. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषा, एकाच भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा त्यामुळे मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. नुकसान उलट बाजूने होतं. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती नातवाशी बोलायचीच थांबते. आई आपल्या भाषेत गाते, रागावते, लाडाची नावं ठेवते. परक्या भाषेत ती दोन-चार कोरडी वाक्यं म्हणते. ज्या मुलाला मुळात माणसांशी जास्त बोलणं हवं, त्याच्या वाट्याचं बोलणं असं कमी होतं. घरात जी भाषा सहज येते तीच बोलावी. शाळेने पाणी, शू, नको असे दहा-वीस घरातले शब्द पालकांकडून लिहून घ्यावेत.

गैरसमज ७ : हे तज्ज्ञांचं काम. अंगणवाडीतली ताई किंवा आईबाप काय करणार?

वस्तुस्थिती : याचं एक उत्तर गोव्यातूनच मिळालं आहे. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक चाचणी केली. ब्रिटनमध्ये वाक्-उपचारतज्ज्ञ जी पद्धत वापरत, तीच इथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा. मग तो एकत्र बसून पाहायचा. मुलाने कुठे पाहिलं, हात कुठे नेला, आवाज केव्हा काढला आणि त्याला प्रतिसाद मिळाला की निसटला, हे पालकांनीच हेरायचं. ६५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांचे प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळू लागले आणि मुलं स्वतःहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली.

वर्गासाठी यातून थेट धडा मिळतो. मूल चाक फिरवतंय तर ते काढून घेऊन ठोकळे पुढे करू नयेत. शेजारी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून आपणही चाक फिरवावं, ‘गर्रर्र’ म्हणावं आणि थांबावं. त्याने पाहिलं, तो हसला किंवा त्याने आपला हात चाकाकडे नेला की तो संवाद सुरू झाला. तेवढ्याला प्रतिसाद द्यावा. दिवसातून असे पाच-पाच मिनिटांचे तीन-चार तुकडे ताईलाही जमतात. याखेरीज भिंतीवर मुलाच्या उंचीवर दिवसाचा चित्रक्रम लावावा. ‘चला, आता सगळ्यांनी आवरून छान गोल करून बसायचंय’ याऐवजी त्याला नावाने हाक मारून ‘बस’ म्हणत सतरंजी दाखवावी. गोलात वीस मिनिटं जमत नसेल तर दोन मिनिटं बसू द्यावं आणि रडायच्या आधी उठू द्यावं.

तज्ज्ञ लागत नाहीत असा याचा अर्थ नाही. वाक्-उपचार, व्यवसायोपचार आणि विकासतज्ज्ञ डॉक्टर यांची गरज असतेच. पण आठवड्यातून दोन तास तिथे जाणारं मूल बाकीचा सगळा वेळ घरात आणि वर्गात असतं.

गैरसमज ८ : अशा मुलांसाठी विशेष शाळाच बरी. इथे ठेवलं तर बाकीची मुलं त्याचं पाहून बिघडतील.

वस्तुस्थिती : चार वर्षांची मुलं नव्या गोष्टीची दोन दिवस नक्कल करतात आणि सोडून देतात. समावेशक बालवर्गांच्या अभ्यासांत इतर मुलांचं शिकणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. उलट, खेळ कसा सुरू करायचा हे जोडीदार मुलाला शिकवलं तर स्वमग्न मुलाचा सहभाग वाढतो. ‘आरवला हाक मार, खेळणं दाखव आणि थांब’ इतकं चार वर्षांच्या मुलीला सहज शिकवता येतं. काही मुलांना विशेष शाळेची गरज असते, पण तो निर्णय मुलाच्या गरजेवरून व्हावा, शेजारच्या पालकाच्या तक्रारीवरून नाही.

अनेक खासगी शाळा ‘शॅडो टीचर आणा’ ही अट घालतात. मदतीला माणूस असणं चांगलंच. पण तो सतत मुलाला चिकटून बसला तर वर्गातली मुलं मुलाशी न बोलता त्याच्याशीच बोलतात. त्याने हळूहळू मागे सरकणं हाच त्याच्या कामाचा भाग असावा.

कायदा काय सांगतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ अक्षमतांमध्ये स्वमग्नता आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खरी फट त्याआधीच्या तीन वर्षांत आहे. अनेक खासगी नर्सऱ्यांना शासनाची मान्यताच नसते आणि तिथे कायद्याचा धाक पोहोचत नाही. त्यामुळेच अंगणवाडीचं महत्त्व इथे वाढतं.

गैरसमज ९ : स्टेम सेलने, आहाराने, एखाद्या औषधाने हा पूर्ण बरा होतो.

वस्तुस्थिती : स्वमग्नता हा आजार नसल्याने ती बरी करणारं औषध नाही. झोप, अतिचंचलता, फिट्स किंवा तीव्र चिडचिड यांसाठी डॉक्टर औषध देऊ शकतात, पण ते त्या त्या त्रासापुरतं. गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते याला भक्कम पुरावा नाही. आधीच चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं त्याने कुपोषण मात्र होऊ शकतं. स्टेम सेल उपचार स्वमग्नतेसाठी सुचवता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जमीन गहाण टाकून केलेल्या अशा उपचारांत पैशाइतकंच मुलाचं कोवळं वयही खर्ची पडतं.

गैरसमज १० : दाखला येऊ दे, मग पाहू.

वस्तुस्थिती : प्रमाणपत्र सवलती, विमा आणि शाळेतल्या सुविधांसाठी लागतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य-संरक्षण आहे आणि त्यासाठी ते काढून ठेवावंच. पण चित्रक्रम लावायला, हळू बोलायला किंवा शांत कोपरा करायला कुणाचाही शिक्का लागत नाही. नंतर निदान वेगळं निघालं तरी यातल्या एकाही गोष्टीने कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही.

तपासणीची सरकारी वाटही उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि विकासातला उशीर पाहणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. ताईने पथक येण्याआधी आपली वही तयार ठेवावी, म्हणजे पाच मिनिटांच्या तपासणीत न दिसणारं डॉक्टरांपर्यंत पोहोचतं. पालकांशी बोलताना ‘याला ऑटिझम आहे’ असं म्हणू नये, तो निवाडा डॉक्टरांचा. ‘हाक मारली तर तो वळत नाही, गाण्याला कान झाकतो, तुम्हाला घरी काय दिसतं?’ असं विचारावं.

याच पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच वाड्यावस्त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मूल येत नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. स्वमग्न मूल तर वर्गात आलेलंच असतं, आणि त्याच्यापर्यंत जायला ताईला वर्गातल्या वर्गात चार पावलंच चालायची असतात.